शियाचे कौतुक, करडईचा विसर

थंडीचे दिवस सुरू झाले की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांच्या बाजारपेठांत अंगाला लावण्याच्या क्रीम आणि लोशनच्या बाटल्या दुकानाच्या दर्शनी भागात येतात. त्यांतील अनेक बाटल्यांवर हल्ली ‘शिया बटर’ हे दोन शब्द ठळकपणे छापलेले आढळतात. शिया म्हणजे नेमके काय, ते कोठून येते, त्वचेवर कोणते कार्य करते, याची माहिती बहुधा विकणाऱ्यास नसते आणि घेणाऱ्यासही नसते. नाव परदेशी आहे, जाहिरात देखणी आहे, तेव्हा वस्तू गुणकारी असणारच, एवढ्या विश्वासावर व्यवहार पुरा होतो.

ज्या जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या करडई पिकली, त्याच जिल्ह्यात हे घडत आहे. शियाला नावे ठेवणे हा या लेखाचा हेतू नाही. कोरड्या पडलेल्या त्वचेला स्निग्धता हवी असते. ती स्निग्धता पिकविण्याचे आणि गाळण्याचे सामर्थ्य आपल्या मातीत आहे आणि आपल्या डोळ्यांदेखत ते हातचे निसटत आहे. विचार करावयाचा तो याचा.

शियाचे खरे गुण

शियाचा वृक्ष आफ्रिकेतील सेनेगलपासून युगांडापर्यंत पसरलेल्या गवताळ पट्ट्यात आपोआप उगवतो. त्याची लागवड क्वचितच होते. फळे धरू लागण्यास पंधरा-वीस वर्षे लागतात. पावसाळ्याच्या तोंडाशी पिकलेली फळे झाडाखाली पडतात, ती स्त्रिया वेचून आणतात. बिया उकळायच्या, वाळवायच्या, फोडायच्या, भाजायच्या, वाटायच्या आणि तो लगदा पाण्यात तासन्‌तास हाताने घुसळायचा. मग ताकावर लोणी यावे तसा स्निग्धांश वर तरंगतो. आपल्या आजीने रवीने लोणी काढले, तसेच ते काढले जाते. म्हणूनच त्याला ‘बटर’ हे नाव पडले.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा वृक्ष आपल्याला परका नाही. शिया, आपला मोह आणि घरोघरी खाल्ला जाणारा चिकू ही तिन्ही झाडे सॅपोटेसी या एकाच कुळातील आहेत. किनवट-माहूरच्या वनांतील मोहाच्या बियांपासून निघणारे टोळंबीचे तेल थंडीत शियासारखेच थिजते. नात्याने ही सख्खी नव्हे, तरी चुलत भावंडे खचितच.

शियाचे कार्य समजून घेतले पाहिजे. त्यात ओलेइक आणि स्टिअरिक ही दोन स्निग्धाम्ले मुख्य असतात. स्टिअरिक आम्लामुळे ते घट्ट राहते आणि अंगाच्या उष्णतेने वितळून त्वचेवर पातळ थर धरते. या थरामुळे त्वचेतील ओलावा उडून जाण्याचा वेग मंदावतो. भेगा मऊ पडतात, खाज कमी होते, खरखरीतपणा जातो. कोरड्या, कुरळ्या केसांवर त्याचा लेप बसला की केस एकमेकांवर घासून तुटण्याचे प्रमाण घटते. हे सारे खरे आहे आणि ते मान्य करण्यात संकोच नसावा.

मात्र त्यापुढचे दावे खरे नाहीत. शिया रंग उजळवीत नाही, टक्कल घालवीत नाही, सुरकुत्या पुसून टाकीत नाही. हेच कोणत्याही तेलाविषयी म्हणता येईल, मग ते आफ्रिकेचे असो वा मराठवाड्याचे. गोरेपणाच्या हव्यासाने आपल्या समाजाची किती हानी केली आहे, हे वेगळे सांगावयास नको. स्टेरॉइडयुक्त मलमे चेहऱ्याला चोळून त्वचा कायमची पातळ करून घेतलेल्या मुली त्वचारोगतज्ज्ञांकडे नित्य येतात. म्हणूनच केंद्र शासनाला २०१८ साली अशी चौदा औषधे वैद्याच्या चिठ्ठीविना विकण्यास प्रतिबंध करावा लागला. त्यांच्या तुलनेत शिया कितीतरी सौम्य आणि निरुपद्रवी आहे. तेव्हा प्रश्न गुणाचा नाही. तोच गुण आपल्या दाराशी असताना तो दिसत का नाही, हा खरा प्रश्न आहे.

त्वचेला करडई, केसांना खोबरेल, टाचांना कोकम

शियाचे जे तीन मुख्य उपयोग सांगितले जातात, ते आपल्याकडील तीन निरनिराळ्या स्नेहांत वाटलेले आहेत.

पहिला उपयोग अंगाच्या त्वचेसाठी. येथे करडईचे तेल विचारात घ्यावे लागते. पारंपरिक वाणांच्या करडईच्या तेलात सुमारे पाऊण हिस्सा लिनोलेइक आम्लाचा असतो. हे आम्ल मानवी शरीर स्वतः बनवू शकत नाही. ते बाहेरूनच मिळवावे लागते. त्वचेच्या बाहेरच्या थरातील पेशी एकमेकींना धरून ठेवणारा जो स्निग्ध लेप असतो, त्याच्या घडणीत हे आम्ल वापरले जाते. शरीरात त्याची उणीव झाली, तर त्वचा कोरडी पडून तिचे पापुद्रे निघतात.

याविषयीचा एक महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्रातच झाला आहे आणि तरीही मराठी घरांत तो अपरिचित आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी १२० नवजात अर्भकांचे तीन गट केले. एका गटाला करडईच्या तेलाने, दुसऱ्याला खोबरेल तेलाने पाच दिवस मालीश केले. तिसऱ्या गटाला तेल लावले नाही. प्रत्येक वेळी तेल पाच मिलिलिटर, दिवसातून चार वेळा. आधी आणि नंतर रक्त तपासले. करडईच्या गटातील बालकांच्या रक्तात लिनोलेइक आम्लासारख्या आवश्यक स्निग्धाम्लांचे प्रमाण वाढलेले आढळले. खोबरेलाच्या गटात संपृक्त स्निग्धाम्ले वाढली. ‘इंडियन पेडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात २००५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाळाला तेल चोळण्याचा आपला रिवाज म्हणजे अडाणी समजूत, असे हिणविण्याची एक फॅशन मध्यंतरी होती. अर्भकाची कोवळी त्वचा तेल शोषून घेते आणि म्हणून तेल कोणते निवडावे याला महत्त्व आहे, हे या प्रयोगाने दाखवून दिले. अर्थात, अपुऱ्या दिवसांच्या वा आजारी बाळाच्या बाबतीत डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून काहीही लावू नये.

दुसरा उपयोग केसांसाठी. येथे करडईचा आग्रह धरण्याचे कारण नाही. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधक आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुण्या-विंचरण्याने केसांतील प्रथिनांचा जो ऱ्हास होतो, तो तिघांपैकी केवळ खोबरेलाने लक्षणीय प्रमाणात कमी होतो, असे त्यांना आढळले. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो. इतर तेले बाहेरच राहतात. कंपनी स्वतः खोबरेल विकते, ही गोष्ट वाचकाने ध्यानी ठेवावी. परंतु कारणमीमांसा पटण्याजोगी आहे आणि घरोघरीचा अनुभवही तिला पुष्टी देतो.

तिसरा उपयोग टाचांच्या भेगांसाठी. रात्री वीज येते म्हणून थंडीत हरभऱ्याला पाणी देत चिखलात उभा राहणारा शेतकरी आणि वसमत भागात हळद शिजविण्या-वाळविण्याच्या कामावर राबणारी मजूर स्त्री यांच्या टाचा-तळव्यांना पातळ तेल पुरत नाही; तेथे घट्ट स्नेहच हवा. तो आपल्या कोकणात आहे. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर जो स्निग्धांश येतो, त्याचे गोळे वळून ठेवतात. हेच भिरंडेल. त्यात स्टिअरिक आम्ल शियापेक्षाही अधिक असते, त्यामुळे ते अधिक टणक असते. किंचित गरम करून भेगांत भरावे लागते. कोकणातील घरांत हा उपाय आजही चालतो.

भिरंडेलाची पारख युरोपला आपल्याआधी झाली, हेही नमूद केले पाहिजे. चॉकलेटमध्ये कोकोखेरीज अन्य वनस्पतिजन्य स्नेह पाच टक्क्यांपर्यंत मिसळण्याची मुभा युरोपीय संघाने २००० साली एका निर्देशाद्वारे दिली. त्यात सहा स्नेहांची नावे आहेत. शिया त्यांत आहेच. पण त्याच्या मांडीला मांडी लावून आपले कोकम, सालाच्या बिया आणि आंब्याची कोय हेही बसलेले आहेत. जगाच्या बाजाराने त्यांना शियाच्या पंक्तीत बसविले. आपण मात्र आंब्याची कोय उकिरड्यावर टाकतो.

चरकांचे मत लपवू नये

स्वदेशी वस्तूंची महती सांगताना ग्रंथांतील सोयीची वचने तेवढी उचलण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना जडली आहे. ती सोडली पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निरनिराळ्या द्रव्यांतील श्रेष्ठ आणि अहितकर यांची गणना आहे. वनस्पतिजन्य स्नेहांत तिळाचे तेल श्रेष्ठ मानलेले आहे आणि कुसुंभाचा, म्हणजे करडईचा स्नेह, अहितकर. करडईचा पुरस्कार करणाऱ्याने हे दडवून ठेवणे म्हणजे आपल्याच परंपरेशी अप्रामाणिकपणा करणे होय.

त्या वचनाचा संदर्भ मुख्यतः आहाराचा आहे. शिवाय करडईच्या तेलाचा एक स्वभावदोष आजचे रसायनशास्त्रही मान्य करते. लिनोलेइक आम्ल विपुल असल्याने हवा, ऊन आणि उष्णता यांच्या संपर्कात ते लवकर बिघडते, चिकट होते, खवट वास मारू लागते. असे खवट तेल खाण्यासही अयोग्य आणि त्वचेलाही दाहक. म्हणून करडईचे तेल थोडे, ताजे आणि गडद रंगाच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत घ्यावे; उन्हात मांडलेल्या उघड्या डब्यातील घेऊ नये. ज्याला करडई मानवत नाही, त्याने तिळाचे तेल निवडावे. तीळही आपल्याच शेतातला आहे. प्राचीन वैद्यकाचे निरीक्षण आणि पुण्यातील प्रयोग यांना समोरासमोर ठेवून आयुर्वेद महाविद्यालयांनी यावर अधिक अभ्यास करावा. परंपरेचा खरा आदर तिची परीक्षा घेण्यात आहे.

करडई गेली कोठे?

एकेकाळी हिंगोली हा परभणी जिल्ह्याचा भाग होता. १ मे १९९९ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने या भागासाठी करडईवर दीर्घकाळ काम केले आहे. ‘शारदा’, ‘परभणी कुसुम’, ‘पूर्णा’ हे वाण तेथलेच. काट्यांचा त्रास नको म्हणून बिनकाट्याचा ‘पीबीएनएस-४०’ हा वाणही विद्यापीठाने दिला. रब्बी ज्वारीच्या शेताभोवती करडईच्या काटेरी ओळी पेरल्या की गुरे आत शिरत नसत. कुंपणही होई आणि वर्षाचे तेलही निघे. सोटमूळ खोल जात असल्याने जमिनीतील उरलेल्या ओलीवर हे पीक येते. काट्यांमुळे रोही आणि रानडुक्कर त्याला सहसा तोंड लावीत नाहीत.

एवढे असूनही करडई मागे पडली. १९८०च्या दशकात देशात करडईचे क्षेत्र दहा लाख हेक्टरच्या आसपास पोहोचले होते. आज त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरला आहे. १९९४ नंतर खाद्यतेलाची आयात खुली होत गेली आणि स्वस्त पामतेलाचा लोंढा आला. खरिपात सोयाबीन आणि त्यामागे हरभरा, ही जोडी हमखास पैसा देणारी वाटू लागली. काट्यांमुळे काढणीस मजूर मिळेना. गावाचा घाणा बंद पडला. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून आणावे लागते. यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्यात चार पैसे सुटतात, तेच तो पेरणार.

मात्र चित्र थोडे बदलू लागले आहे. २०२६-२७च्या रब्बी विपणन हंगामासाठी करडईचा हमीभाव क्विंटलला ६,५४० रुपये जाहीर झाला. आदल्या वर्षाच्या तुलनेत ही ६०० रुपयांची वाढ असून त्या वर्षी रब्बी पिकांत तीच सर्वाधिक होती. काढणी आता यंत्राने होऊ शकते. हमीभाव जाहीर होणे आणि त्या भावाने खरेदी होणे यांतील अंतर शेतकरी जाणून आहे. म्हणूनच भावाबरोबर खरेदी केंद्रांचीही मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे.

आफ्रिकेचा धडा

येथे शियाची कथा पुन्हा आठवावी. आफ्रिकेतील स्त्रिया बिया वेचतात. त्यांतील मोठा भाग कच्चाच बाहेर जातो, युरोपातील कारखान्यांत शुद्ध होतो आणि चॉकलेट वा क्रीम बनून जगभर विकला जातो. जगातील सुमारे ४० टक्के शिया आमच्या देशात होतो, पण त्याच्या जागतिक व्यापारात आमचा वाटा जेमतेम एक टक्का आहे, असे नायजेरियाचे उपराष्ट्राध्यक्ष काशिम शेट्टिमा यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले आणि त्याच वेळी त्या देशाने कच्च्या शिया बियांच्या निर्यातीवर सहा महिन्यांची बंदी घातली. बुर्किना फासोने २०२४ मध्येच तसे पाऊल उचलले होते.

बंदी हा उपाय यशस्वी होतो की नाही, हा वादाचा विषय आहे. परंतु त्यामागची वेदना हिंगोलीच्या शेतकऱ्याला समजण्यास अवघड जाऊ नये. आपली हळद आणि सोयाबीन पोत्यांतून जिल्ह्याबाहेर जाते आणि पाकिटांतून, पिशव्यांतून परत येते. पोत्याचा भाव आपण घेतो, पाकिटाचा भाव आपण देतो. बी वेचणारी आफ्रिकेची बहीण आणि हळद वेचणारी आपली बहीण एकाच पंक्तीत बसल्या आहेत. शियाच्या बाटलीला दिलेल्या पैशातील फार थोडा त्या बहिणीच्या पदरात पडतो. तेव्हा करडईकडे वळणे म्हणजे कोणा परक्याचा द्वेष करणे नव्हे. आपल्या बहिणीच्या पदरात पडणारा वाटा वाढविणे होय.

आपण काय करू शकतो?

शंभर किलो करडईत साधारण तीस किलो तेल असते. लाकडी घाण्यातून त्याहून काहीसे कमी हाती येते आणि पेंड गुरांना उपयोगी पडते. तालुक्यागणिक एखाद्या महिला बचत गटाने घाणा चालविला, तर पीक, तेल आणि पेंड यांचे चक्र गावातच फिरेल. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली होती. अशा योजना येतात आणि जातात; त्या असताना लाभ घेणारे थोडे असतात. तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र आणि परभणीचे विद्यापीठ जवळच आहेत. वाण कोणता घ्यावा, तेल किती दिवस टिकेल, याचे मार्गदर्शन तेथे मागता येईल.

कायद्याचे भान मात्र हवे. खाद्यतेल म्हणून विकावयाचे तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना वा नोंदणी लागते. त्वचेसाठीचे प्रसाधन म्हणून विकावयाचे तर २०२०च्या प्रसाधन नियमांनुसार निराळा उत्पादन परवाना लागतो. आणि ‘सोरायसिस घालविते’, ‘केस उगवते’ असे काही छापले, तर जादूटोण्याच्या औषधांच्या जाहिरातींना आळा घालणाऱ्या १९५४च्या कायद्याशी गाठ पडू शकते. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या अतिशयोक्तीवर टीका करणाऱ्याने स्वतः ती करू नये. घाणा चालविणाऱ्या गटाने प्रारंभी शुद्ध खाद्यतेलच विकावे आणि बाटलीवर गाळल्याची तारीख प्रामाणिकपणे लिहावी. ती तारीखच त्याची सर्वांत मोठी जाहिरात ठरेल.

केवळ अंगाला लावण्याच्या तेलावर करडईचे क्षेत्र वाढणार नाही, हे उघड आहे. ते वाढेल स्वयंपाकघरातील मागणीने. पण स्वयंपाकघरात आलेल्या बाटलीतील चार चमचे दिवाळीच्या अभ्यंगाला, बाळाच्या मालिशीला, शेतातून परतलेल्या हातापायांना वापरले जातील. आपल्या घरांत तेलाचे असेच असे. स्वयंपाकाचे, दिव्याचे आणि अंगाचे तेल एकाच घाण्याचे असे आणि त्या घाण्याला बी पुरविणारे शेत गावाच्या शिवारात असे.

ज्याला शियाचे लोणी परवडते आणि मानवते, त्याने ते सुखेनैव वापरावे. परंतु पुढच्या वेळी त्या बाटलीला हात घालण्यापूर्वी गावात कोणाकडे ताजे करडईचे तेल मिळते का, एवढी चौकशी अवश्य करावी. दहा घरांनी विचारले तर दुकानदार शोध घेईल, दुकानदाराने मागितले तर घाणा फिरेल आणि घाणा फिरला तर येत्या रब्बीत ज्वारीच्या कडेने करडईच्या चार ओळी पुन्हा पेरल्या जातील.